तेरसेला मेडिकल उशिरा उघडतं

आमचं औषधांचं दुकान रत्नागिरीत आहे. पाटीवर सकाळी साडेनऊची वेळ लिहिलेली आहे आणि वर्षातले बहुतेक दिवस ती पाळलीही जाते. पण ऑक्टोबर ते एप्रिलमध्ये महिन्यातून काही दिवस शटर वर जायला साडेदहा वाजतात. शेजारचा गिरणीवाला आता गिऱ्हाइकांना परस्पर सांगून टाकतो, "आज तेरस ना? तो पाखरांकडं गेला असंल. चक्कर मारून या."

त्याचं खरंच असतं. त्या वेळी मी भाट्याच्या किनाऱ्यावर, काजळी नदी समुद्राला मिळते तिथल्या वाळूच्या जिभेवर पालथा पडलेला असतो. पोटाखाली ओली वाळू, पुढ्यात जुनी ॲल्युमिनियमची परात, परातीत कॅमेरा. लांबून बघणाऱ्याला वाटतं, माणूस वाहून आलाय. एकदा दोन मुलं धावत आली होती. मी मान वळवून त्यांना "श्श" केलं, तेव्हा ती जास्तच घाबरली.

सुरुवात 2018 च्या ऑक्टोबरात झाली. मावसभावाने नवीन कॅमेरा घेतला आणि जुना, 70-300 च्या लेन्ससकट, मला दिला. पक्ष्यांची आवड होती असं म्हणवत नाही. आवड होती ती सकाळी बाहेर पडायची, आणि हातात कॅमेरा असला की घरचे "कुठे निघालास" विचारत नाहीत. त्या पहिल्या हंगामातले फोटो आज उघडले तर रत्नागिरीच्या पक्ष्यांना फक्त शेपट्या असतात असा समज होईल. मी चालत जायचो, थवा उडायचा, शंभर पावलं पुढे जाऊन बसायचा, मी पुन्हा जायचो. असं भाट्याचा दीड किलोमीटर किनारा संपेपर्यंत. परत येताना उलट दिशेने तेच.

ओहोटीला खाडीत मुळे, म्हणजे शिंपल्या, काढायला बायका येतात. त्यांतल्या एक काकी माझा हा खेळ दोन-तीन रविवार बघत होत्या. शेवटी टोपली कडेवर घेऊन जवळ आल्या आणि म्हणाल्या, "काय रं, त्यांच्या मागं कशाला धावतंस? पानी चडू दे. मग कुटं जानार हायत ती?"

सात वर्षांत अनेकांनी अनेक गोष्टी शिकवल्या, लेन्सबद्दल ऐकलेल्या सल्ल्यांची तर गणती नाही. पण या एका वाक्याएवढं उपयोगाचं मला कुणीच काही सांगितलेलं नाही.

त्याचं असं आहे. किनाऱ्यावरचे हे पाणपक्षी घड्याळावर जगत नाहीत, पाण्यावर जगतात. ओहोटीला खाडीतला चिखल उघडा पडला की ते सगळे पांगून खायला लागतात. किडे, बारीक खेकडे, शिंपले. त्या वेळी ते अर्ध्या किलोमीटरवर असतात आणि तुमच्याकडे कितीही मोठी लेन्स असली तरी ठिपकेच दिसतात. भरती चढू लागली की चिखल बुडतो, पक्षी मागे मागे सरकतात आणि शेवटी उरलेल्या कोरड्या वाळूवर सगळे दाटीवाटीने येऊन बसतात, पाणी उतरायची वाट बघत. तुम्ही त्या उरणाऱ्या वाळूजवळ आधीपासून निजून असलात, तर पाणीच त्यांना तुमच्याकडे आणून सोडतं.

आता ही भरती सकाळच्या उजेडात कधी येते, ते शोधायचं. त्याला ॲप लागत नाही, भिंतीवरची दिनदर्शिका पुरते. कोकणातल्या कुठल्याही दर्याकाठच्या माणसाला ठाऊक असलेला हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, तेरसेला पावणेदहा, पुनवेला-अवसेला सव्वाअकरा. हा ठोकताळा आहे, थोडं पुढेमागे होतं, पण मला अजून त्याने दगा दिलेला नाही.

यात एक गोची आहे आणि ती कळायला मला पूर्ण एक हंगाम गेला. अष्टमी-नवमीची भरती उजाडताच येते, उजेड सोन्यासारखा असतो, पण तो असतो भांग. पाणी अर्धवट चढतं, वाळू भरपूर उरते आणि पक्षी ऐसपैस लांब बसतात. पुनवेचं उधाण पाणी अगदी पायाशी आणतं, पण ते भर दुपारी. तेव्हा ऊन डोक्यावर असतं आणि तापलेल्या वाळूवर हवा अशी थरथरते की फोटोतला पक्षी पाण्यात बुडवून काढल्यासारखा दिसतो. ही थरथर कुठलीही लेन्स कापत नाही. महागडी लेन्स ती जास्त स्पष्ट दाखवते, एवढंच. सुरुवातीला मी फोकस बिघडलाय समजून दोन कॅमेरेवाल्यांकडे फेऱ्या मारल्या होत्या.

म्हणून मधला मार्ग. बारस, तेरस, फार तर चौदस. पाणी बऱ्यापैकी चढतं आणि ते चढत असताना सात ते नऊ हा वेळ उजेडाचा असतो. भाट्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे सकाळी समुद्राकडे बघताना सूर्य तुमच्या पाठीशी असतो आणि पक्ष्यावर समोरून ऊन पडतं. फक्त मागच्या सुरूच्या बनावरून ते वाळूवर उतरायला वेळ लागतो. तो अर्धा तास थंडीत, ओल्या शर्टाने, काहीही न करता पडून राहायचं. महिन्यात दोन तेरसा, मागचे-पुढचे दिवस धरून सहा सकाळी, त्यांतल्या एक-दोन ढगाने नाहीतर दुकानाने जातात. गिरणीवाल्याला हे गणित माझ्याआधी पाठ झालं.

परातीची गोष्ट सांगायची राहिली. पक्ष्याच्या डोळ्याच्या उंचीवरून फोटो काढला की तो पक्षी वाटतो, उभ्याने काढला की वाळूवर पडलेली काहीतरी वस्तू वाटते. त्यासाठी कॅमेरा जमिनीलगत हवा. कॅमेऱ्याच्या तिवईचे (ट्रायपॉडचे) पाय पसरून बघितले, पण सांध्यांत वाळू गेली आणि एक पाय कायमचा आखडला. मग आईने टाकायला काढलेली परात घेतली. तिच्यात छोटी उशी, उशीवर लेन्स. वाळूवरून ती अलगद ढकलत नेता येते, आवाज होत नाही, लाटेचं चार बोटं पाणी आलं तरी कॅमेरा कोरडा राहतो. आईचं म्हणणं एवढंच होतं की परात मोडीत दिली असती तर शंभर-दीडशे रुपये तरी आले असते.

तर आता पक्षी.

माझा मुख्य मालक म्हणजे सँड प्लोव्हर. मराठीत या कुळाला चिखल्या म्हणतात. नाव चिखल्या आणि बसतो वाळूत, पण नाव ठेवणाऱ्याने त्याला ओहोटीला पाहिलं असणार. मुठीएवढा, वरून वाळूच्या रंगाचा, खालून पांढरा, काळी चोच, मोठे डोळे. चार पावलं धावतो, थांबतो, वाकतो, पुन्हा चार पावलं. वजन पन्नास-साठ ग्रॅम, म्हणजे आमच्या दुकानातल्या खोकल्याच्या शंभर मिलीच्या बाटलीच्या निम्म्याच्या आसपास. यातले बरेच लडाख आणि तिबेटच्या पठारावर, चार हजार मीटरच्या वरच्या उघड्या माळांवर वीण करतात आणि हिमालय ओलांडून इथे येतात. अलीकडे शास्त्रज्ञांनी याच्या दोन जाती केल्या, तिबेटी आणि सायबेरियन. हिवाळी पिसांत त्या वेगळ्या ओळखणं म्हणजे डॉक्टरांच्या अक्षरावरून गोळीचं नाव वाचण्यापेक्षा अवघड. मी बहुतेक वेळा यादीत दोन्हींचं एकत्र नाव टाकतो. ठामपणे एक नाव लिहून मोकळं होणाऱ्यांचा मला हेवा वाटतो, विश्वास मात्र वाटत नाही.

हा पक्षी मला हंगाम दाखवतो. ऑगस्टमध्ये, पाऊस चालू असतानाच, पहिले परततात. त्यांच्या छातीवर विणीच्या दिवसांचा विटकरी पट्टा अजून असतो, पण फिका, धुऊन धुऊन गेलेल्या रंगासारखा. सप्टेंबरअखेर सगळे करडे होतात आणि मार्चपर्यंत करडेच राहतात. मग एखाद्या सकाळी एकाच्या छातीवर विटांचा चुरा सांडल्यासारखा दिसतो. एप्रिलच्या मध्यावर निम्मा थवा पेटलेला असतो. काळा पट्टा डोळ्यांवर, त्याखाली पांढरा गळा, खाली तांबडी छाती. लोक डिसेंबरात पक्षी बघायला कोकणात येतात, हॉटेलं भरतात. मला विचाराल तर एप्रिल. घामाने कॅमेरा हातातून निसटतो, पण पक्षी नवरदेवासारखे नटलेले असतात आणि किनाऱ्यावर पर्यटक सकाळी नऊशिवाय उठत नाहीत.

त्यांच्यासोबत केंटिश चिखल्या असतो, आणखी छोटा आणि गोरा. लाटेच्या कडेने सँडरलिंग पळतात. लाट परतली की तिच्या मागे, आली की तिच्या पुढे, पाय दिसू नयेत इतक्या वेगाने. हे उत्तर ध्रुवाजवळून येतात आणि रत्नागिरीत आल्यावरही त्यांची घाई काही संपत नाही. एकटाच खडकांवर शेपूट हलवत फिरणारा तुतारी जुलैअखेरीसच हजर असतो. काळा समुद्र बगळा बारमाही, तो पाहुणा नव्हे, घरचा.

कुरवांबद्दल, म्हणजे सीगलबद्दल, मला फारसं लिहावंसं वाटत नाही. नोव्हेंबरात ते शेकड्यांनी येतात, मासळी उतरते तिथे गोंगाट करतात, आणि किनाऱ्यावर लोक त्यांना कुरकुरे, शेव, बिस्किटं टाकतात, म्हणजे उडत्या कुरवाचा फोटो मोबाइलवरही निघतो. सोपं आहे म्हणून कमी मोलाचं, असं माझं म्हणणं नाही. पण मीठ-तेलाचं खाणं त्यांच्या पोटात जातं आणि कुणी हटकलं तर "पुण्य" म्हणून उत्तर मिळतं. मार्चमध्ये काळ्या डोक्याच्या कुरवाचं डोकं मात्र बघावं. हिवाळाभर डोळ्यामागे नुसता ठिपका, आणि मग दोन-तीन आठवड्यांत अख्खं डोकं चॉकलेटी.

भरती सोयीची नसेल त्या दिवशी मी चंपक मैदानाच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जातो. तिथे गवत वाळलेलं असतं आणि त्यावरून भोवत्या हा शिकारी पक्षी जमिनीला घासत तरंगत जातो. त्याचा बरा म्हणावा असा एकही फोटो माझ्याकडे नाही.

जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणना असते. 1987 पासून दरवर्षी होते. त्या दिवशी कॅमेरा गळ्यात असला तरी डोळा दुर्बिणीलाच. मोजायचं म्हणजे एक-एक नव्हे. दहांचा गठ्ठा नजरेने बांधायचा आणि तो थव्यावर मांडत जायचा, गोळ्यांच्या पट्ट्या मोजतो तसा. हे काम मला पहिल्या वर्षापासून जमलं. दुकानाचा फायदा कुठे तरी व्हायचाच.

पावसाळ्याबद्दल बाहेरचे लोक विचारतात, तेव्हा काय करता? तेव्हा बुरशीशी लढतो. पहिल्या पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून कपाटात ठेवला होता, वर आईची शाल. चामडं आणि कापड दोन्ही ओल धरतात, हे सप्टेंबरात कळलं. लेन्स उजेडात धरली तर आत कोळ्याचं जाळं विणलेलं. मुंबईला एका दुरुस्तीवाल्याकडे पाठवली. त्याने साफ करून दिली, पैसेही भरपूर घेतले, आणि बुरशीने काचेवरचा थर खाल्लाय हे मात्र आपण होऊन सांगितलं नाही. ते मला उन्हाविरुद्धच्या प्रत्येक फोटोत दिसलं. तेव्हापासून झाकणाला रबर असलेला हवाबंद डबा, आत निळं सिलिका जेल आणि आर्द्रता दाखवणारं छोटं यंत्र. काटा चाळीस-पन्नास टक्क्यांत ठेवायचा. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर परतायचे, पुन्हा निळे होतात. गोळ्यांच्या डब्यांतल्या पुड्या आयत्या मिळतात म्हणून आधी मी त्याच टाकत होतो, पण त्या आधीच ओल पिऊन बसलेल्या असतात. फार्मसी शिकलेल्या माणसाला हे सुचायला हवं होतं. किनाऱ्यावरून आल्यावर कॅमेरा गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या फडक्याने पुसायचा. कोरड्या फडक्याने पुसलं तर मिठाचे कण काचेवर रेघा ओढतात.

पावसाळ्याचे स्वतःचे पक्षीही आहेत. मेअखेरीला बागांमधून नवरंगाची दोन सुरांची शीळ यायला लागते आणि वाड्यांवरची माणसं म्हणतात, आला पाऊस. चातकही वाऱ्याबरोबरच येतो. आणि कधी समुद्र स्वतःच काहीतरी आणून टाकतो. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ रत्नागिरीच्या बाहेरून वर सरकलं. टाळेबंदी होती, दुकान तेवढं उघडं. दुसऱ्या दिवशी एकजण आंब्याची पेटी घेऊन आला. "तुम्ही पाखरांचे ना?" आत पेंढ्यावर एक काळपट पाठीचा, पांढऱ्या पोटाचा सुरय, डोळे मिटलेले. कपाळावरची पांढरी पट्टी डोळ्याच्या मागेपर्यंत गेलेली, म्हणजे ब्रायडल्ड टर्न. डोळ्यापाशीच संपली असती तर सूटी टर्न. हा एरवी खोल समुद्रावर राहणारा पक्षी. वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांच्या बेटांवर याची वीण नोंदलेली आहे, पण किनाऱ्यावरून तो दिसायचं कारण नाही. आणणाऱ्याने त्याला चोच उघडून पाणी पाजलं होतं आणि एकदा लाटेत परत सोडूनही पाहिलं होतं. दोन्ही करू नये. दमलेला पक्षी पोहत नाही, बुडतो, आणि जबरदस्तीने पाजलेलं पाणी श्वासनळीत जातं. भोकं पाडलेलं खोकं, अंधार, शांतता आणि 1926 या वनविभागाच्या नंबरवर फोन, बस. मी ते सगळं केलं. पक्षी रात्रीत मेला. सकाळी त्याला मोजपट्टीशेजारी ठेवून पंख उघडून फोटो काढले. माझ्या सगळ्या फोटोंत तेच सगळ्यांत कुरूप आहेत, आणि एखाद्या अभ्यासकाच्या कामी येतील तर बहुधा तेच.

इथे एक कुरकुर करून घेतो. जून लागला की तिबोटी खंड्याच्या बिळांसमोर लोकांची रांग लागते. ओढ्याच्या मातीच्या कड्यात बीळ, समोर दहा तिवया, पिल्लांना भरवायला येणारा पक्षी चोचीत पाल धरून फांदीवर तासभर ताटकळतोय आणि इकडे शटरांचा कडकडाट. बिळासमोरच्या फांद्या "अडथळा" म्हणून कापलेल्या मी पाहिल्यात. त्या सावलीसाठीच त्या पक्ष्याने ती जागा निवडलेली असते. मला एकदा गाडीत जागा देऊ केली होती, गेलो नाही. शहाणा होतो म्हणून नव्हे, त्या दिवशी माल यायचा होता. पण त्यानंतर कधीच गेलो नाही, ते मात्र ठरवून. 1930 च्या सुमारास सालिम अलींनी कोकणच्या याच किनाऱ्यावर, अलिबागजवळ किहीमला, सुगरणींची घरटी महिनोन्‌महिने बघितली आणि एकच नर अनेक माद्यांचे संसार कसे मांडतो ते उलगडलं. घरट्यांकडेच बघत बसले, पण त्या घरट्यांत काय चाललंय ते कळावं म्हणून.

हे सगळं मी मोठ्या शहाणपणाने सांगतोय, पण गेल्या हंगामात माझ्याकडूनही व्हायचं ते झालंच.

नोव्हेंबरातली तेरस होती. पावणेदहा झाले होते, मी उठायच्या बेतात होतो. थव्यात एका चिखल्याच्या पायावर, गुडघ्यासारख्या सांध्याच्या वर, रंगीत झेंडी दिसली. स्थलांतराचा अभ्यास करणारे पक्ष्याच्या पायात धातूची कडी आणि अशी प्लॅस्टिकची झेंडी घालतात. आपल्याकडे हे काम बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी करते, ही 1883 ची संस्था. झेंडीच्या रंगावरून ती कुठे घातली ते समजतं, आणि तिच्यावरच्या अक्षरांवरून नेमका तोच पक्षी. मी पन्नास-साठ फोटो मारले. घरी येऊन मोठे करून पाहिले. वाळू तापलेली, हवा थरथरती. पहिलं अक्षर एच, नाहीतर एन. दुसरं म्हणजे नुसता डाग.

अर्धी नोंद पाठवून दिली, रंगाचाही उपयोग असतोच. पण ते दुसरं अक्षर डोक्यात बसलं. डिसेंबरात तो दिसला नाही. जानेवारीत दिसला, फार लांब. फेब्रुवारीत पुन्हा, ओहोटीला, उघड्या वाळूवर. मी उठलो आणि चालायला लागलो. सात वर्षं परात ढकलणारा माणूस, सरळ उभा राहून चालत गेलो. थवा उडाला. मी मागे. पुन्हा उडाला. तिसऱ्यांदा. चौथ्यांदा ते सगळे नदी ओलांडून राजिवड्याच्या बाजूला गेले आणि माझ्याकडे पुन्हा फक्त शेपट्या उरल्या.

हे पक्षी फेब्रुवारी-मार्चपासून खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवतात. त्यावर पुढचा प्रवास. 2022 मध्ये खुणेचा एक तरुण बार-टेल्ड गॉडविट अलास्काहून टास्मानियाला 13,560 किलोमीटर, अकरा दिवस, मध्ये कुठेही न उतरता गेला. त्याचं इंधन म्हणजे अंगावरची चरबीच. माझा चिखल्या एवढा लांब जात नसेल, पण त्याला हिमालय चढायचा असतो. मी त्याला चार वेळा उडवला. त्याच जागी कुणी पर्यटकाने वाळूवर गाडी घालून थवा उधळला असता तर मी त्याला काय काय बोललो असतो ते मला ठाऊक आहे, कारण मी ते बोललेलो आहे.

मार्चमध्ये तो दिसलाच नाही. एप्रिलात चैत्र वद्य तेरस आली. सहालाच जाऊन वाळूच्या जिभेच्या टोकाजवळ निजलो. सव्वासातला पहिली लाट परातीला लागली. आठच्या सुमारास थवा मागे सरकू लागला. निम्म्याहून जास्त गेलेले होते, उरलेले तांबडे. पाणी चढत गेलं, ते येत गेले. तीस फूट. वीस. मी श्वाससुद्धा नाकाने, हळू. एक जण थव्यातून सुटून सरळ माझ्याच रोखाने धावला. चार पावलं, थांबला, चार पावलं. उजव्या पायावर झेंडी.

माझी आत्ताची लेन्स 150-600 ची आहे, नऊ फुटांच्या आत तिचा फोकस बसत नाही. तो आठ फुटांवर येऊन थांबला. मी परात मागे ओढावी तर तो उडणार. म्हटलं राहू दे, एवढ्यावरून डोळ्यांनीच वाचतो. चष्म्यावर खारं पाणी सुकलेलं, तरी एवढं दिसलं असतं. त्याने एकदा अंग झाडलं, वाऱ्याकडे तोंड केलं, उजवा पाय उचलून पोटाच्या पिसांत घेतला, झेंडीसकट, आणि एका पायावर उभा राहून डोळे मिटले.

या पक्ष्यांची झोपायची रीतच ती आहे. मी पन्नास मिनिटं तसाच पडून होतो. मधे दोनदा त्याने डोळा उघडला, माझ्याकडे बघितलं, मिटला. पोटऱ्यांत गोळे आले. मोबाइल खिशात थरथरत होता, गिरणीवाला असणार. पावणेदहानंतर पाणी उतरायला लागलं, कडेचे पक्षी उठून ओल्या वाळूवर उतरले आणि हासुद्धा, पाय टेकून लगेच, माझ्याकडे पाठ करून धावत गेला. थव्यात मिसळला. मी कॅमेरा उचललाही, पण त्या तांबड्या गर्दीतून तो वेगळा निघेना.

दुकान अकराला उघडलं. बाहेर तिघं थांबलेले. पहिल्या आजींना रक्तदाबाच्या गोळ्या हव्या होत्या. मी पट्टी कापत असताना त्या बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "बाळा, तुझ्या कानात वाळू आहे."